शुगर लो होते की पॅनिक अटॅक येतो? कसं ओळखायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी. या विषयावरचा जुना धागा शोधला, पण तो सगळा डायबेटिसवाल्यांचा निघाला, म्हणून नवीन काढतेय.

वय ३४, पुण्यात आयटीत नोकरी. मला डायबेटिस नाही. आईला आहे, म्हणून दरवर्षी तपासून घेते. यंदाचं एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी टेस्ट) ५.३, म्हणजे नॉर्मल. गेल्या काही महिन्यांपासून एक प्रकार सुरू झालाय. सकाळी साडेअकरा-बाराला, नाहीतर संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला अचानक छातीत धडधडायला लागतं, तळहात ओले होतात, हात थरथरतात आणि आता आपण इथेच पडणार असं वाटतं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, "शुगर लो होत असेल, पर्समध्ये बिस्किटं ठेवत जा." ठेवली. खाल्ली की दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटतं, म्हणजे त्यांचं बरोबर असणार असं धरून चालले होते. पण माझी एक मैत्रीण काउन्सेलर आहे. ती म्हणते हे सरळसरळ पॅनिक अटॅक आहेत, बिस्किटाचा काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन शुगर केली तर नॉर्मल.

या दोन्हींचा एकमेकांशी संबंध असतो का? साखर उतरल्यामुळे पॅनिक अटॅक येऊ शकतो का? कुणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.

खारीबिस्किट

+१. सेम टू सेम. मी चिक्की ठेवतो. लोकलमध्ये कुर्ला गेलं की सुरू होतं. वाचतोय.

आप्पा_सातारकर

पित्त आहे, दुसरं काही नाही. रिकाम्या पोटी चहा ढोसायचा, नाश्त्याला फाटा, मग धडधडणार नाही तर काय. कोकम सरबत घ्या, रात्री लवकर जेवा. आमच्या वेळी असले अटॅक नव्हते.

तिरकस

आप्पा, तुमच्या वेळीही होते. घरात कुणालातरी "घाबरं झालं" की कांदा हुंगवायचे आणि वारा घालायचे. सगळंच पित्तावर ढकलून चालत नाही.

स्टेथो

नाशिकला प्रॅक्टिस करतो, फिजिशियन आहे. इथे निदान करणार नाही, यंत्रणा कशी चालते तेवढं सांगतो.

रक्तातली साखर (पुढचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) ८० च्या आसपास उतरली की शरीर आधी स्वतःचं इन्सुलिन आवरतं. ६५ ते ७० च्या दरम्यान ग्लुकॅगॉन आणि ॲड्रिनॅलिन ही हॉर्मोन्स सुटतात. दोन्हींचं काम एकच, लिव्हरमधली साठवलेली साखर बाहेर काढायची. ॲड्रिनॅलिन मात्र येताना धडधड, थरथर, घाम, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं हे सगळं घेऊन येतं. निरोगी माणसाला ते साधारण ५५ च्या आसपास जाणवायला लागतं. त्याहून खाली गेलं की मेंदूला इंधन पुरत नाही. मग विचार अडकतात, जीभ जड होते, माणूस विनाकारण चिडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अजून खाली झटके, बेशुद्धी.

पॅनिक अटॅकमध्येही शरीराची हीच यंत्रणा पेटते. घंटा तीच, वाजवणारा वेगळा. म्हणून नुसत्या लक्षणांवरून ओळखता येत नाही, मलाही येत नाही. व्हिपल नावाच्या सर्जनने १९३० च्या दशकात तीन अटी घातल्या, त्या आजही वापरतो: लक्षणं हवीत, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी हवी, आणि साखर वर आणल्यावर लक्षणं जायला हवीत. तुमच्याकडे पहिली आणि तिसरी आहे. मधली नाही, आणि तीच महत्त्वाची. दुसऱ्या दिवशीच्या लॅब रिपोर्टवरून काही कळत नाही, कारण लक्षणं कालची होती आणि रक्त आजचं.

काही प्रश्न: कोणती औषधं चालू आहेत का? पोटाचं, वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालंय का? त्रास जेवणानंतर किती वेळाने होतो? पहाटे उपाशीपोटी कधी झालाय? वजन वाढतंय की घटतंय? मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो का?

रानजाई

धन्यवाद डॉक्टर, इतकं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. औषधं नाहीत, ऑपरेशन नाही. पहाटे कधीच नाही. सकाळी आठला चहा-पोळी, मग साडेदहाला कॉफी, जेवण दीड वाजता. पाळीत रक्तस्राव जास्त होतो, हो. वजन आहे तेवढंच.

तिरकस

डॉक्टरांनी यंत्रणा सांगितली, मी इतिहास सांगतो, कारण तो मजेशीर आहे. अमेरिकेत १९७० च्या आसपास "लो शुगर" ही फॅशन झाली होती. थकवा, उदासी, भीती, भांडणं, सगळ्यांचं खापर साखरेवर. शेवटी १९७३ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशन, अमेरिकन मेडिकल असोसिएशन आणि एंडोक्राइन सोसायटी (हॉर्मोनतज्ज्ञांची संघटना) अशा तीन संस्थांना एकत्र निवेदन काढून सांगावं लागलं की बाबांनो, हे निदान फार सैल हाताने वाटलं जातंय. पुढच्याच वर्षी 'न्यू इंग्लंड जर्नल' या वैद्यकीय नियतकालिकात याला उपरोधाने 'नसलेल्या हायपोग्लायसेमियाची (म्हणजे लो शुगरची) साथ' म्हटलं गेलं.

गोंधळाचं मूळ पाच तासांच्या ग्लुकोज टेस्टमध्ये होतं. ग्लुकोजचं पाणी पाजायचं आणि दर तासाला रक्त काढायचं. पण ज्यांना कसलाही त्रास नाही अशा लोकांपैकीही जवळपास दहा टक्क्यांची साखर त्या टेस्टमध्ये ५० च्या खाली जाते. म्हणजे शोधायला गेलात तर सापडणारच. आता जेवणानंतरच्या लो शुगरसाठी ही टेस्ट करू नका असंच सांगतात. करायचीच तर नेहमीसारखं मिश्र जेवण देऊन करतात.

आता रानजाईंचा मूळ प्रश्न. १९८० च्या दशकात पॅनिक डिसऑर्डर असलेल्या लोकांना इन्सुलिन देऊन मुद्दाम साखर उतरवण्याचे प्रयोग झाले. छोटे अभ्यास होते, पण निष्कर्ष लक्षात राहण्यासारखा आहे. साखर चांगली खाली गेली, घाम आला, धडधड झाली, पण त्यांना नेहमीचा पॅनिक अटॅक आला नाही. ग्लुकोज टेस्टमध्येही तेच. उलट बाजूने, प्रयोगशाळेत पॅनिक घडवून त्या क्षणी रक्त तपासलं तर साखर कमी नव्हती. तेव्हा "साखर उतरते म्हणून पॅनिक येतो" हे सरसकट विधान काही टिकत नाही.

अंजनवेल

तिरकस, अभ्यास मान्य, पण आहार सुधारल्यावर चिंता कमी झाली असं एक पेपरमध्ये आलंय ना? कॅनडातल्या एका मुलीची केस आहे. सकाळपासून नुसतं गोड आणि मैदा खायची, प्रोटीन-फॅट-फायबर वाढवल्यावर बरी झाली.

तिरकस

आहे, २०१६ ची. एका १५ वर्षांच्या मुलीची. एका पेशंटवरून शक्यता मांडता येते, नियम नाही. तिने नाश्त्याला प्रोटीन खाल्लं यात वाईट काही नाही, आपणही खावं. पण इंटरनेटवर जे "पॅनिकचं खरं कारण साखर" म्हणून लेख फिरतात, त्यातले बरेच तिच्याच खांद्यावर उभे आहेत.

इन्सुलिनवाली

मला टाइप १ डायबेटिस. शाळेत असल्यापासून इन्सुलिन घेते. इथे दोन्हींचा अनुभव असलेली बहुधा मीच, म्हणून लिहिते.

लो शुगरचा घाम वेगळा असतो. गार, मानेच्या मागून सुरू होतो, कपडे भिजतात. भूक अशी लागते की फ्रीजसमोर उभं राहून जे हाताला लागेल ते खावं. आणि डोकं चालत नाही. ओटीपी वाचून टाइप करताना आकडे उलटेपालटे होतात, नवऱ्यावर उगाच ओरडते. पॅनिकमध्ये डोकं उलट नको तेवढं चालतं. मी मरणार, हार्ट अटॅक आहे, मुलीला कोण बघणार. बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, छाती आवळते, श्वास पुरत नाही.

हे सगळं मला इतकं स्पष्ट माहीत आहे, तरी प्रत्यक्ष त्या क्षणी ओळखू येत नाही. मोजल्याशिवाय नाहीच. कित्येकदा शंभर टक्के लो असणार म्हणून मोजावं आणि १३० निघावं. कधी उलटं, काहीच वाटत नाही आणि मीटरवर ४८. वारंवार लो होत राहिलं की शरीर इशारा देणंच सोडतं, हे त्याहून भीतिदायक.

अजून एक, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. रात्री झोपेत एक मोठा लो होऊन गेला की पुढे कित्येक दिवस झोपायची भीती बसते. मग मुद्दाम साखर २०० च्या वर ठेवून झोपायचं. तेव्हा डायबेटिसवाल्यांसाठी दोघांचा संबंध पक्का आहे, साखर भीती देते आणि भीती साखर बिघडवते.

खारीबिस्किट

इन्सुलिनवाली ताई, तो दंडावर लावायचा सेन्सर घेतला तर हे सुटेल का? ऑफिसात एकाने हौस म्हणून लावलाय, डायबेटिस नाही त्याला. दिवसभर ग्राफ दाखवत फिरतो.

इन्सुलिनवाली

मला सेन्सर म्हणजे जीव की प्राण. पण तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या मागे पाच-दहा मिनिटं असतो. त्या कुशीवर झोपलं की दाबाने खोटा लो दाखवतो आणि पहाटे तीनला अलार्म ठणाणा. ज्याला आधीच धास्ती आहे त्याने हौसेखातर लावला तर ६८ बघूनच धडधडायला लागेल.

सांजवेळ

इथे एक दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे बाबा ७१ वर्षांचे, शुगरसाठी ग्लिमेपिराइड चालू. गेल्या चतुर्मासात उपास धरला, गोळी मात्र नेहमीसारखी घेतली. दुपारी घामाघूम, थरथर, "मला कसंतरी होतंय, मला सोडून जाऊ नका" असं म्हणायला लागले. आई गेल्यापासून त्यांना तसा त्रास होतो, त्यामुळे शेजारच्या काकांनी ओळखल्यासारखं केलं, "घाबरलेत, पडू द्या, दीर्घ श्वास घ्यायला लावा." पंख्याखाली निजवलं. भाऊ घरी आला तोवर उत्तरं असंबद्ध. मीटर लावला तर ४३.

साखरेचं पाणी दिलं, शुद्धीवर आले, सगळे निर्धास्त. दोन तासांनी परत ५१. मग ॲडमिट केलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की या गोळीचा असर तासन्‌तास राहतो, म्हातारपणी किडनी मंदावलेली असेल तर आणखी जास्त, म्हणून एकदा वर आली म्हणून सोडून द्यायचं नसतं. तेव्हा रानजाईला जे लागू ते बाबांना लागू नाही, एवढं वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

स्टेथो

सांजवेळ, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी काही चालू असेल तर "घाबरलाय" हे निदान आधी करायचंच नाही. मीटर असेल तर मोजा, नसेल तर सरळ साखर द्या. ती घाबरगुंडी निघाली तर तीन चमचे साखरेने काही बिघडत नाही. लो निघाली आणि नुसते श्वास मोजत बसलात तर बिघडतं. नुसत्या मेटफॉर्मिनवर (शुगरचीच दुसरी गोळी) हा प्रकार सहसा होत नाही.

प्रमाण: १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात. १५ मिनिटांनी परत मोजायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, चॉकलेट, बर्फी नको, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. वर आली की पोळी-भाजी, दूध, काहीतरी पोटभरीचं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल.

पैलतीर

मला पॅनिक डिसऑर्डर होती (आता वर्षानुवर्षं अटॅक नाही). रानजाई आणि खारीबिस्किट, तुमच्या बिस्किटाबद्दल.

माझ्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या असायच्या. खाल्लं की बरं वाटायचं, अगदी खात्रीने. थेरपिस्टने एकच प्रश्न विचारला: "नाही खाल्लं तर किती वेळात उतरतो?" माहीत नव्हतं, कारण न खाता कधी राहिलोच नव्हतो. पॅनिक अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि वीस-तीस मिनिटांत आपसूक ओसरतो. बिस्किट शोधून, खाऊन, पचायला लागेपर्यंत तेवढा वेळ झालेलाच असतो. ओसरणार तो ओसरलाच असता, श्रेय बिस्किटाला. मग गोळ्या घरी विसरल्या नुसतं एवढं आठवलं तरी अटॅक यायचा. दादर स्टेशनवर मेडिकल स्टोअर शोधत धावलेला मनुष्य आहे मी.

उपचारात त्यांनी मुद्दाम जिने पळायला लावलं, खुर्चीत गरगर फिरवलं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. धडधड झाली, चक्कर आली, मेलो नाही. धडधड म्हणजे नुसती धडधड, हे शरीराला कळायला वेळ लागला. शेवटी गोळ्यांशिवाय प्रवास. हे मी सांगतोय ते डायबेटिस नसलेल्यांसाठी, आणि तेही साखर मोजून झाल्यावर. सांजवेळच्या बाबांनी खिशात साखर ठेवायचीच आहे.

मुंग्यांबद्दलही: घाईघाईने श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याने बोटं वळतात, ओठ बधिर होतात. ऑक्सिजन कमी पडत नसतो, वाटतं मात्र तसंच. तोंडाला पिशवी लावू नका कुणी, ते पिक्चरमधलं.

निसर्गमित्र

साखर, मैदा, चहा, दूध बंद. १६ तासांचा उपास. एकवीस दिवसांत पॅनिक, शुगर, थायरॉइड सगळं जातं. गोळ्या कंपन्यांचं षडयंत्र आहे.

स्टेथो

निसर्गमित्र, वरचा प्रतिसाद वाचलात का? उपास आणि गोळी एकत्र झाल्यावर ४३ काय असतं ते त्यात लिहिलंय. औषध चालू असणाऱ्यांना असले सल्ले देऊ नका, विनंती.

उपासाचा विषय निघालाच आहे तर: संकष्टीला किंवा नवरात्रात नुसता चहा आणि मग एकदम बशीभर साबुदाण्याची खिचडी, हा क्रम वाईट. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, साखर झपकन चढते आणि काहींची दोन-तीन तासांनी भरकन उतरते. उपास करा, पण सोबत दही, शेंगदाणे, राजगिरा, दूध घ्या.

रानजाई

आईचा मीटर आणला. त्रास झाला की आधी मोजायचं, मग बिस्किट, असं ठरवलं. आतापर्यंतची रीडिंग्ज: ऑफिसात धडधडताना ९४. दुसऱ्या वेळी ८८. एकदा मीटिंगच्या आधी १०२ (!). संकष्टीला संध्याकाळी चंद्रोदयाची वाट बघताना हात थरथरत होते तेव्हा ७१, पण गंमत म्हणजे तेव्हा भीती अजिबात नव्हती, नुसती भूक. खिचडी खाल्ली, गेलं.

म्हणजे माझ्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि मी एकच समजत होते का?

स्टेथो

तसं दिसतंय. ९४ आणि १०२ ला लो शुगर म्हणता येत नाही. ७१ हेही डायबेटिस नसलेल्या माणसात उपाशीपोटी नॉर्मलच, बायकांची साखर दीर्घ उपासात आणखी खाली जाते आणि काही होत नाही. बाकी कारणं तपासून घ्या: टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, ईसीजी. थायरॉइड वाढलेलं असेल, रक्त कमी असेल, हृदयाचे ठोके मधेच अनियमित पळत असतील, तर बाहेरून चित्र हेच दिसतं. इन्सुलिनोमा नावाची स्वादुपिंडाची गाठही असते, पण दहा लाखांत वर्षाला काही मोजके पेशंट, आणि तिचा त्रास बहुधा उपाशीपोटी, पहाटे होतो. तुमचं तसं नाही.

आणि ती साडेदहाची कॉफी. पॅनिकची प्रवृत्ती असलेल्यांना कॅफिनने अटॅक येतो हे प्रयोगांत दाखवलंय. एक महिना बंद करून बघा.

आप्पा_सातारकर

मी रिकाम्या पोटी चहाबद्दल पहिल्याच दिवशी बोललो होतो. कोण ऐकतंय.

खारीबिस्किट

मी पण मीटर मागवला. पहिलंच रीडिंग १६२! रात्रभर झोप नाही. आता मला डायबेटिस पण?

इन्सुलिनवाली

बोट टोचण्यापूर्वी काय करत होतात?

खारीबिस्किट

बायकोला आंबे कापून देत होतो.

इन्सुलिनवाली

साबणाने हात धुऊन, कोरडे करून परत करा.

खारीबिस्किट

९९. 🙏

वाटसरू

डॉक्टर, मला चिंतेसाठी प्रोप्रॅनोलॉल दिलीय आणि शुगरसाठी ग्लिमेपिराइडही चालू आहे. दोन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांची. चालेल का?

स्टेथो

दोघांनाही एकमेकांचं प्रिस्क्रिप्शन दाखवा, लवकर. प्रोप्रॅनोलॉलने धडधड आणि थरथर दबते. पॅनिकमध्ये तेच हवं असतं, पण साखर उतरली तर तीच तुमची सूचना असते आणि ती मिळणार नाही. घाम मात्र येतो, तो दबत नाही, त्याकडे लक्ष ठेवा. स्वतःहून बंद करू नका. दमा असेल तर तेही सांगा.

रानजाई

अपडेट. टीएसएच आणि ईसीजी नॉर्मल. हिमोग्लोबिन ९.२, लोहाच्या गोळ्या सुरू. डॉक्टर म्हणाले जिना चढताना धडधडतं ते यामुळे असेल, पण बसल्या जागी अचानक येणारं त्याने पुरतं समजत नाही. मैत्रिणीच्या ओळखीच्या थेरपिस्टकडे जायला लागलेय. कॉफी बंद आहे, डोकं दुखतंय. अकराला चणे-शेंगदाणे खाते. अटॅक अजून येतो, पण आकडा ९० दिसला की निदान फिट येऊन पडणार नाही एवढं कळतं.

पैलतीर

रानजाई, हळूहळू मीटरही सोडायचाय हं, नाहीतर बिस्किटाची जागा तो घेईल. थेरपिस्टशी बोला त्याबद्दल. आणि कुणाला ताबडतोब बोलायला माणूस हवा असेल तर टेलिमानस, १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

सांजवेळ

स्टेथो, एक राहिलं. बाबांना आता ग्लिमेपिराइड कमी करून जेवणाआधी व्होग्लिबोज जोडलीय. परत लो झाली तर साखरेचं पाणीच द्यायचं ना?

स्टेथो

नाही, बरं झालं विचारलंत. व्होग्लिबोज आणि अकार्बोज आतड्यात साखरेचं विघटन रोखतात, त्यामुळे घरातली साधी साखर रक्तात लवकर पोचत नाही. ग्लुकोज पावडरच हवी. डब्यावर घटक वाचून घ्या, काही पावडरींत साधी साखरही मिसळलेली असते.

सांजवेळ

आजच आणते. एक घरी, एक बाबांच्या फिरायच्या पिशवीत, आणि शेजारच्या काकांना दाखवून ठेवते.